पगाराबाहेरचे चार पैसे

हव्या त्या वेळी काम करा, हवं तेवढं कमवा, असं सांगणाऱ्या जाहिराती आता रिक्षाच्या पाठीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे दिसतात. त्या वाचून वाटावं, की घर किंवा नोकरी सांभाळून चार पैसे जास्त मिळवण्याची युक्ती हल्लीच कुणाला तरी सुचली. प्रत्यक्षात मुंबईचं गिरणगाव अशाच कमाईवर जेवत होतं.

कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून आलेले गिरणी कामगार बायका-मुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. त्यांना दोन वेळचं जेवू घालणारी खानावळवाली म्हणजे बहुतेकदा दुसऱ्या गिरणी कामगाराचीच बायको. नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून तिनं काही माणसं जेवायला ठेवलेली असत. पाळीनुसार कुणाचं जेवण पहाटे, कुणाचं रात्री उशिरा. वेळ सोयीची म्हणायची ती जेवणाऱ्यांच्या सोयीची. आणि पैसे मिळायचे कामगाराचा पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल वाण्याकडून उधार किंवा सावकाराकडून कर्ज काढून आणायचं, म्हणजे महिनाअखेरीस सुटलेल्या नफ्यातला मोठा घास व्याजातच जायचा. मूळच्या गोव्याच्या आणि गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी हे नेमकं ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांना छोट्या कर्जदारांकडे बघणं भाग पडलं होतं, त्याचा हा खराखुरा उपयोग. बायकांचे कष्ट तेवढेच राहिले, पण सावकार मधून गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढच्या महिन्यांत खानावळींचं गिऱ्हाईकच उठून गावी गेलं. दुसऱ्याच्या पगारावर उभा असलेला जोडधंदा त्या पगाराबरोबर बसतो, हे गिरणगावानं तेव्हा पाहिलं.

त्याच मुंबईत, गिरगावात, १५ मार्च १९५९ ला सात गुजराती बायकांनी उसन्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला घेतले. लिज्जतची ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय, की तिचा भक्तिपाठ झाला आहे. मला त्यातला व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. पहाटे शाखेत पीठ मळून तयार असतं. बाई येते, तोलून पीठ नेते, घरी सवडीनं लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणून देते. ते तोलले जातात, तपासले जातात, किलोमागे लाटण्याची मजुरी मिळते आणि ती नवं पीठ घेऊन घरी जाते. सभासद करून घेण्याआधी घर पाहिलं जातं. जागा स्वच्छ हवी, पापड वाळवायला पुरेशी हवी. चाळीतल्या एका खोलीत ही अट छोटी नव्हे. पण इथवरचा सगळा व्यवहार कुठल्याही ठेकेदाराच्या कारखान्यासारखाच आहे. फरक पडतो पुढे. लाटणारी प्रत्येक सभासद संस्थेची मालकही असते, नफा-तोटा वाटून घेतला जातो आणि मजुरीचा दर ठरवणारं माणूस लाटणाऱ्यांपैकीच असतं. आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायका त्यात आहेत. आपल्याकडच्या घरबसल्या कामांत इतकी वर्षं टिकलेलं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही, आणि ते टिकण्याचं कारण मी पापडाच्या चवीत शोधणार नाही.

सोलापुरात आणि सिन्नर, नगरकडे विड्या वळणाऱ्या बायकांचंही काम घरचंच. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, पान भिजवायचं, मापानं कापायचं, वळून दोरा बांधायचा. हजारी दरानं पैसे. पण पान फाटकं निघालं तर तूट बाईच्या अंगावर, आणि विडी पसंत पडली नाही तर ती छाटून बाजूला. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत, विडीही परत नाही. हे इतकं चालायचं, की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात कच्चा माल देण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणाऱ्या तंट्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. त्याच कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता दिली. (विडीच्या या कमाईला जोडकमाई म्हणणं हाही एक सरकारी-मध्यमवर्गीय शिष्टाचार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची चूल याच कमाईवर पेटली.)

मध्यमवर्गाची तऱ्हा वेगळी. कारकून संध्याकाळी एखाद्या पेढीवर जमाखर्च लिहायला जात, मास्तर शिकवण्या घेत, टायपिंग येणारे प्रबंध टंकून देत. १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यावर विम्याची एजन्सी ही या वर्गाची हक्काची वाट झाली. सरकारी नोकराला खासगी व्यवसायाची बंदी, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर आणि फॉर्म भरून घेणारे साहेब स्वतः, डब्याच्या सुट्टीत. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत म्हणूनच स्पष्टीकरण आहे, की पत्नीच्या विमा एजन्सीसाठी सरकारी नोकरानं गिऱ्हाईक मिळवणं हाही नियमभंगच. नियम करणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर असं कुणीतरी बसत असणार.

त्याहून साधी आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक वाट पोस्टाच्या आरडीच्या, म्हणजे दरमहा हप्त्यानं भरायच्या ठेवीच्या, एजन्सीची. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली आणि गल्लोगल्ली आरडीवाल्या काकू तयार झाल्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खांद्याला पिशवी, पिशवीत रबर लावलेली पासबुकं, संध्याकाळी घरोघर फेरी. महिन्याच्या पूर्वार्धात उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरा तारखेच्या आत भरायचा, नाहीतर खातेदाराला दंड. मग एखाद्या घरी ‘पुढच्या आठवड्यात देते’ असं ऐकू आलं, की काकू स्वतःच्या खिशातून भरून मोकळ्या. चार टक्के कमिशन, म्हणजे महिन्याला लाखभर रुपये गोळा केले तर चार हजार. डिसेंबर २०११ पासून सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवरचं एजंटांचं कमिशन बंद झालं, पण आरडीचे चार टक्के राहिले. दर सरकारी, छापील, सगळ्यांना एकच. गल्लीचा विश्वास हे त्यातलं भांडवल, आणि ते काकूंचं स्वतःचं होतं.

नव्वदीत हाच विश्वास विकायला निघाला. १९९६ मध्ये टप्परवेअर, १९९८ मध्ये अ‍ॅमवे भारतात आली. डबे उत्तम होते, त्याबद्दल वाद नाही. पण साखळी पद्धतीच्या विक्रीत वस्तूपेक्षा माणसं जोडण्यावर भर आला आणि हळदीकुंकवाला बोलावणं आलं की काय विकायला ठेवलं असेल अशी शंका येऊ लागली. आपल्याखाली माणसं आणली तरच कमाई, हे गणित मावशी, नणंद आणि शेजारीण संपल्यावर अडतं. पिरॅमिड योजनांना थेट विक्रीच्या नियमांनी स्पष्ट मनाई केली ती २०२१ मध्ये. तोवर सांगली-कोल्हापूरकडे २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीचा फेरा येऊन गेला होता. पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आणि कोंबड्या आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ, असं वचन होतं. खरेदी थांबली आणि शेतकऱ्यांच्या दारात काळ्या कोंबड्या तेवढ्या उरल्या. ज्यात माल घेणारा एकच आणि तोच पिल्लं विकणाराही, तिथे जोडधंदा कसला?

मग मोबाइल आला. ओला २०१० मध्ये मुंबईत सुरू झाली, स्विगी २०१४ मध्ये बंगळुरूत. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधल्या गिग, म्हणजे अशी सुटी कामं करणाऱ्या, कामगारांचा अंदाज ७७ लाख होता आणि २०२९-३० पर्यंत तो २ कोटी ३५ लाखांवर जाईल असं म्हटलं होतं. दिवसा कंपनीत आणि रात्री पाठीवर चौकोनी बॅग, अशी पोरं पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही सिग्नलला दिसतात. लॉग-इन कधी करायचं हे खरोखरच त्यांच्या हातात आहे, ही सोय खोटी नाही. पण एका फेरीचे किती मिळणार, प्रोत्साहन भत्त्याची अट आज काय आणि उद्या काय, हे पडद्यावर उमटतं. विडीवाल्या बाईला निदान दर कुणाला विचारायचा ते ठाऊक होतं.

पांढरपेशांच्या जोडकामाला मात्र थेट तंबी मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये स्विगीनं आपल्या पगारी कर्मचाऱ्यांना अटींसह बाहेरचं काम करायची मुभा जाहीर केली, आणि पुढच्याच महिन्यात विप्रोनं प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून तीनशे जणांना घरी पाठवलं. प्रतिस्पर्ध्याचं काम करणं चूक, हे मान्य. पण पगारवाढ तुटपुंजी आणि घराचा हप्ता मोठा, याविषयी त्या वादात फारसं कुणी बोललं नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात गिग कामगाराची कायद्यात प्रथमच व्याख्या झाली. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून ती जास्त नसेल. दर कसा ठरावा याविषयी ही संहिता गिग कामगारासाठी काही सांगत नाही. आणि पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग आणि अपघात यांचा हिशेब ज्याचा त्यानंच ठेवायचा आहे. त्यातली एक बाब तर बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. खासगी दुचाकीच्या विम्यात गाडी भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापरणं वगळलेलं असतं, म्हणजे डिलिव्हरी करताना गाडी ठोकली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. रात्री फेऱ्या मारणाऱ्यांनी आज लॉग-इन करण्याआधी आपली पॉलिसी काढून ‘वापराची मर्यादा’ हे कलम वाचावं, आणि व्यावसायिक वापराचं संरक्षण घ्यायला किती जास्त हप्ता पडेल ते विमा कंपनीला विचारून घ्यावं.