गल्ल्यातली ॲसिडिटीची गोळी

सातारा असो की सांगली, आम्हा कापड व्यापाऱ्यांचा दिवस सारखाच. सकाळी उपाशीपोटी चहा, मग गिऱ्हाइकाबरोबर चहा, लग्नसराईत दुपारचे जेवण चार वाजता आणि रात्री दहाला भरपेट जेवून लगेच अंथरूण. छातीत जळजळले की गल्ल्यातली गोळी तोंडात टाकायची. ती काय करते, हे मात्र आम्ही विचारत नाही.

जठरातले आम्ल अन्न पचविते व जंतू मारते. चघळायची गोळी तयार झालेले आम्ल तेवढ्यापुरते शमविते. फॅमोटिडीन आम्ल तयार होण्याचा हुकूम अडविते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल आम्ल सोडणारे पंपच बंद करतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागतात. जुन्या ओळखीच्या रॅनिटिडीनमध्ये २०१९ साली कर्करोगाचा धोका असणारी अशुद्धी आढळली आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते वगळले गेले.

गोळी वाईट नाही. वर्षानुवर्षे स्वतःच्या मर्जीने घेणे वाईट. अल्सर बहुधा एका जंतूमुळे किंवा दुखण्याच्या गोळ्यांमुळे होतो. जंतूचा शोध लावणाऱ्या वॉरेन व मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले. जंतू असेल तर सोबत प्रतिजैविके लागतात. नुसती जळजळ दाबणे म्हणजे कसर लागलेला तागा वरून नीट घडी घालून फळीवर ठेवणे. आमच्या ओळखीचे एक दुकानदार गुडघ्यासाठी दुखण्याची आणि पोटासाठी ही, अशा दोन गोळ्या मनानेच घेत. शौचाला काळे होऊ लागले तरी अंगावर काढले. शेवटी रक्त चढवावे लागले.

दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ व मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. एकदम बंद केल्यास जळजळ उसळते. म्हणून घेणे, सोडणे आणि रोजाच्या दिवसांतली वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. चिठ्ठी असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळते.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर दुकान बंद ठेवून साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा सांगलीचे सिव्हिल गाठावे. छातीत दाब येऊन घाम फुटला तर गोळी शोधत बसू नये; ते हृदयाचे दुखणे असू शकते. स्टॉकची मोजणी आपण दरसाल करतो. पोटाचीही एकदा करू या.