रंधा मशीन घेण्यापूर्वी

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले. भोर-वेल्हे परिसरातील जे तरुण घरीच सुतारकाम सुरू करू इच्छितात, त्यांच्यासाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

रंधा मशीन फळीची एक बाजू सपाट करते व कड तिच्याशी काटकोनात आणते. जाडी सारखी करणे हे तिचे काम नव्हे. मशीन निवडताना मेजाची लांबी पाहावी. आखूड मेजावर लांब फळी सरळ होत नाही. पात्यापलीकडचे मेज पात्याच्या धारेच्या पातळीत असावे. अलीकडचे मेज जितके खाली, तितका काप बसतो. एका वेळी १ मिलिमीटर पुरे.

आपल्याकडे पाऊस फार. ओले लाकूड रंधले तरी वाळताना पुन्हा वाकते. ते आधी वाळवावे. ३०० मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा मशीनवर धरू नये. फळी ठोकळ्याने ढकलावी, हातमोजे घालू नयेत, पात्यावरचे झाकण काढू नये. बोटे गेली तर रोजगारही जातो.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्जाची तरतूद आहे. मात्र महिन्याला काम किती मिळेल व हप्ता किती बसेल, हे आधी वहीत मांडावे. काम थोडे असेल, तर हातरंधाच परवडतो.