एका मिलिमीटरचा हिशेब

भाच्याच्या शर्यतीच्या गाडीसाठी बांधलेले पहिले इंजिन मी फार जपून बांधले होते, आणि ते तिसऱ्याच शर्यतीत गेले.

इंजिन मारुती एस्टीमचे, १२९८ सीसी. सिलिंडरचा व्यास ७४ मिमी, पिस्टनची धाव ७५.५ मिमी. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याचा माथा आणि हेडची सपाट कड यांच्यात किती फट ठेवायची, एवढाच प्रश्न होता. मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर पिस्टन हेडला आपटू नये म्हणून मी जाड गॅस्केट घालून ती १.८ मिमी केली. त्यामुळे दाबाचे गुणोत्तर घसरत होते (या इंजिनात फट १ मिमीने वाढली की ते १० वरून साधारण ९ वर येते), म्हणून उंचवट्याचे पिस्टन घालून ते परत १० वर आणले. पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या माणसाला यात शहाणपणच दिसले. हेड उघडले तेव्हा पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी त्यांवरून बोट फिरवले. म्हणाले, "सर, भ्यालासा, म्हणून गेलं."

मिस्त्रींचे म्हणणे किती खरे, हे समजायला मला हॅरी रिकार्डोपर्यंत मागे जावे लागले. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात या इंग्रज अभियंत्याने इंजिनातल्या 'नॉकिंग'चा, म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकण्याचा, पाठपुरावा केला. त्याने हेडचा एक भाग असा सपाट ठेवला की पिस्टन वर आल्यावर त्याला जवळजवळ टेकावा. तिथले मिश्रण मग पिळून मधोमध फेकले जाते, खळबळ माजते, ज्योत झपाट्याने पसरते. फटीत उरलेला पातळ थर दोन्हीकडच्या थंड धातूला उष्णता देऊन टाकतो आणि भडकत नाही. फट दोनेक मिलिमीटर झाली की पिळणेही नाही आणि थंडावणेही नाही. मिश्रणाला दबा धरायला जागा मात्र मिळते. माझ्या १.८ मिमीने नेमके हेच केले होते. मला जी सावधगिरी वाटली, तीच इंजिनाच्या मुळावर आली.

मग फट कमी किती करायची? अमेरिकन व्ही-८ बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा पोलादी रॉडसाठी ०.०४० इंच, म्हणजे जेमतेम १ मिमी, असा आहे. ॲल्युमिनियमचा रॉड जास्त ताणतो आणि तापून जास्त वाढतो, म्हणून त्याला ०.०६० इंच. पण ठोकताळ्यावर भाच्याचा जीव कसा टांगायचा?

हिशेब मांडला. ७५०० फेऱ्यांवर वरच्या टोकाला पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पटींच्या आसपास जाते. पिन आणि रिंगांसकट ३५० ग्रॅमचा पिस्टन तिथे सुमारे एक टनाने रॉडला वर ओढतो. सगळा दोष रॉडच्या ताणाला देण्याची पद्धत आहे, पण पोलादी रॉड काही शतांश मिलिमीटरच ताणतो. बाकीची फट खातात ती बेअरिंगमधली तेलाची जागा, क्रँकचे वाकणे आणि सिलिंडरमध्ये पिस्टनचे डुलणे. शिवाय आपटण्याचा धोका जास्त असतो तो जळका वायू बाहेर टाकताना, कारण तेव्हा पिस्टनला वरून दाबून धरणारा दाब नसतो.

इथे मला भाच्याची एक खोड आठवली. वळणाआधी तो फार लवकर गियर उतरवतो. फेऱ्यांना लगाम घालणारी यंत्रणा इंधन तोडू शकते, पण चाकेच इंजिनाला फिरवू लागली तर तिचे काही चालत नाही. ७५०० चे ८५०० झाले की ओढ २८ टक्क्यांनी वाढते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढते. फट ठरवायची ती चालकाच्या सगळ्यात वाईट चुकीसाठी. इंजिनाच्या पुस्तकांत चालकाचा रकाना का नसतो, कोण जाणे.

मोजताना मिस्त्रींनी मला खाली बसवले. पिस्टनवर, पिनच्या रेषेत दोन्ही कडांना, कथिलाच्या मऊ तारेचे तुकडे ठेवले. पिनच्या रेषेत ठेवले की पिस्टन डुलत नाही. हेड बसवून बोल्ट ठरल्या ताकदीने आवळले, क्रँक हाताने फिरवला आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजली. चारही सिलिंडर मोजले, कारण ब्लॉकचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा असेलच असे नाही. गॅस्केटची जाडी खोक्यावरची धरायची नाही, आवळल्यानंतरची धरायची. ब्लॉक तासला तर व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात. ते अंतर प्लॅस्टिसिन लावून वेगळे तपासायचे.

आम्ही ब्लॉक तासून पिस्टनचा माथा त्याच्या पातळीला आणला आणि आवळल्यावर ०.९ मिमी होणारी गॅस्केट घातली. मिस्त्री ०.८ म्हणत होते, मी १ म्हणत होतो. पिस्टन या वेळी सपाट माथ्याचे होते. भाचा पूर्ण मोसम धावला.

मोसमानंतर हेड उघडले. तीन पिस्टनांच्या कडा काजळी धुऊन निघाल्यासारख्या स्वच्छ होत्या. चौथ्यावर एका बाजूला नखाएवढी चकाकती चंद्रकोर होती, आणि तिच्याच समोर हेडवर तशीच दुसरी. मिस्त्री बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी फळीवरून १ मिमीची गॅस्केट काढली.