पाटील, स्मिता

(१७ ऑक्टोबर १९५५ – १३ डिसेंबर १९८६). हिंदी व मराठी चित्रपटसृष्टीतील एक श्रेष्ठ अभिनेत्री. १९७० नंतर भारतात जो वास्तवदर्शी ‘समांतर’ चित्रपट उदयास आला, त्याच्या प्रमुख कलावंतांत त्यांची गणना होते. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा चित्रपटप्रवेश झाला आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू आला. ह्या अल्प काळातील पहिल्या सातआठ वर्षांतच त्यांच्या अभिनयाची सर्व प्रमुख वैशिष्ट्ये प्रकट झाली होती. त्यामुळे त्यांच्या कारकीर्दीचा प्रारंभकाळ स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा आहे.

जन्म पुणे येथे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूर परिसरातले. ते स्वातंत्र्यसैनिक होते व पुढे महाराष्ट्र राज्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. आई विद्याताई ह्या रुग्णपरिचर्येचे शिक्षण घेतलेल्या समाजसेविका होत्या. तीन बहिणींत स्मिता मधली. घरातील वातावरण समाजवादी विचारांचे आणि साध्या राहणीचे होते. शालेय वयात त्यांचा राष्ट्र सेवा दलाशी संबंध आला. सेवा दलाची शिबिरे, समूहगीते आणि कलापथके ह्यांतून गावोगावच्या माणसांत मिसळण्याची जी सवय लागली, ती पुढे त्यांना अभिनयात उपयोगी पडली. अभिनयाचे पद्धतशीर शिक्षण त्यांनी कोणत्याही संस्थेत घेतलेले नव्हते. मात्र पुण्यात असताना तेथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांशी त्यांचा परिचय झाला. त्या संस्थेत शिकत असलेल्या अरुण खोपकर ह्यांच्या तीव्र मध्यम (१९७४) ह्या पदविका-चित्रपटात त्यांनी भूमिका केली. वडिलांच्या मंत्रिपदामुळे कुटुंब मुंबईस आले होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र होय. त्यावरील मराठी बातम्या वाचण्याचे काम स्मिता पाटील ह्यांना मिळाले. प्रक्षेपण कृष्णधवल होते व बातमीपत्र सादर करण्याची रीत अगदी साधी होती. जीन्सवरच घाईने साडी गुंडाळून त्या बातम्या वाचावयास बसत, अशी आठवण त्यांच्या समकालीनांनी सांगितली आहे. वृत्तनिवेदिकेस हावभाव करावयाचे नसतात; चेहरा स्थिर ठेवून केवळ दृष्टी आणि आवाज ह्यांच्या साहाय्याने प्रेक्षकांचे लक्ष धरून ठेवावे लागते. कॅमेऱ्यासमोर स्वस्थ असण्याचा हा सराव त्यांच्या पुढील अभिनयास पोषक ठरला, असे म्हणता येईल. दिग्दर्शक श्याम बेनेगल ह्यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले, ते ह्याच छोट्या पडद्यावरील दर्शनामुळे.

तत्कालीन चित्रपटसृष्टीची पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावयास हवी. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने कमी खर्चाच्या प्रयोगशील चित्रपटांना कर्जे देण्यास प्रारंभ केला होता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेल्या इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शक, छायाचित्रकार व ध्वनिमुद्रक ह्यांची नवी पिढी बाहेर पडत होती. मृणाल सेन ह्यांच्या भुवन शोम (१९६९) व बेनेगल ह्यांच्या अंकुर (१९७४) ह्या चित्रपटांनी ताऱ्यांवाचूनही चित्रपट निघू शकतो, हे दाखवून दिले होते. ह्या चित्रपटांत स्टुडिओतील नेपथ्याऐवजी प्रत्यक्ष गाव, घर व वस्ती येऊ लागली. अशा परिसरात शोभेल असा चेहरा रूढ नायिकांमध्ये दुर्मिळ होता. गोरा वर्ण हा नायिकेच्या सौंदर्याचा अनिवार्य घटक मानला जात असताना सावळ्या वर्णाच्या व रंगभूषेवाचून कॅमेऱ्यास सामोऱ्या जाणाऱ्या ह्या तरुणीचे आगमन त्या गरजेशी जुळणारे होते.

बेनेगल ह्यांनी प्रथम त्यांना चरणदास चोर (१९७५) ह्या बालचित्रपटात राणीची भूमिका दिली. हबीब तन्वीर ह्यांच्या नाटकावर आधारलेल्या ह्या चित्रपटाचे चित्रण छत्तीसगढमध्ये तेथील लोककलावंतांसह झाले. त्यानंतरच्या निशांतमध्ये (१९७५) त्यांनी तेलंगणातील एका जमीनदार घराण्यातील धाकटी सून रुक्मिणी रंगविली. पळवून आणलेल्या शिक्षकपत्नीची कथा ह्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. आपल्याच नवऱ्याचा अपराध डोळ्यांसमोर घडत असता रुक्मिणी मात्र मूकपणे पाहत राहते. भूमिका लहान असली, तरी तिच्यातील असहायता ठसठशीतपणे उमटली. त्याच सुमारास जब्बार पटेल ह्यांच्या सामना (१९७५) ह्या मराठी चित्रपटातही त्यांनी काम केले.

मंथन (१९७६) हा चित्रपट त्यांच्या कारकीर्दीतील पहिला महत्त्वाचा टप्पा होय. गुजरातमधील दुग्धव्यवसाय-सहकाराच्या चळवळीवर आधारलेल्या ह्या चित्रपटासाठी सुमारे पाच लाख दूध-उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. चित्रण राजकोटजवळच्या एका खेड्यात झाले. बिंदू ह्या दलित स्त्रीची भूमिका स्मिता पाटील ह्यांनी केली. बिंदू फटकळ व स्वाभिमानी आहे. शहरातून आलेल्या पशुवैद्याविषयी तिला प्रथम संशय वाटतो, मग विश्वास आणि अव्यक्त ओढ वाटू लागते. अखेरीस नवऱ्याच्या दडपणाखाली त्याच पशुवैद्याविरुद्धच्या खोट्या तक्रारीवर तिला अंगठा उठवावा लागतो. सहकारी संस्थेमुळे दुधाचा भाव ठरविण्याचे बळ गावास येऊ शकते. परंतु त्या गावातील स्त्रीला स्वतःच्या अंगठ्यावरही अधिकार नसतो. चित्रपटातील हा पेच मुख्यतः बिंदूच्या व्यक्तिरेखेतून व्यक्त होतो. भूमिकेच्या तयारीसाठी त्या गावातील स्त्रियांबरोबर वावरत. त्यांच्यात बसलेल्या असताना चित्रीकरण पाहावयास आलेल्यांना नायिका ओळखता आली नाही, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. तिच्या तपशिलांत फरक आढळत असला, तरी उकिडवे बसणे, पदर खोचणे, म्हशीची धार काढणे ह्यांसारख्या क्रियांतील सहजता पडद्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

भूमिका (१९७७) ह्या चित्रपटाने त्यांना अखिल भारतीय कीर्ती मिळवून दिली. मराठी अभिनेत्री हंसा वाडकर ह्यांच्या सांगत्ये ऐका (१९७०) ह्या आत्मकथनावर तो आधारित आहे. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे ह्यांची. कलावंतिणींच्या परंपरेतील घरात जन्मलेली उषा लहानपणी चित्रपटात येते, ‘उर्वशी’ ह्या नावाने प्रसिद्ध होते आणि तिच्या कमाईवर घर चालते. नवऱ्याच्या संशयाला व लोभाला कंटाळून ती घराबाहेर पडते. सहनट, दिग्दर्शक, श्रीमंत जमीनदार अशा निरनिराळ्या पुरुषांच्या सहवासात तिला आधार हवा असतो. मिळतो तो प्रत्येक वेळी नवा उंबरठा. जमीनदाराच्या प्रशस्त वाड्यात तिला सन्मान मिळतो, परंतु वाड्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक मिळत नाही. तेथून सुटण्यासाठी तिला पुन्हा त्याच नवऱ्याचे साहाय्य घ्यावे लागते. चित्रणाच्या वेळी स्मिता पाटील सुमारे एकवीस वर्षांच्या होत्या. नुकतीच वयात आलेली मुलगी, लोकप्रिय नटी, आई व एकाकी प्रौढा अशा अवस्था त्यांनी रंगभूषेपेक्षा चाल, आवाज आणि नजर ह्यांतील बदलाने दाखविल्या. तत्कालीन चित्रपटांतील नृत्ये व ठसकेबाज संवादफेक उर्वशीच्या रूपाने करून दाखविताना आणि लगेच उषेचा थकवा व्यक्त करताना अभिनयाच्या दोन भिन्न शैली त्यांनी एकाच व्यक्तिरेखेत हाताळल्या. ह्या भूमिकेसाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले.

मराठीतील त्यांची ह्या काळातील उल्लेखनीय भूमिका जैत रे जैत (१९७७) मधील चिंधीची होय. गो. नी. दांडेकर ह्यांच्या ठाकर जमातीच्या जीवनावरील कादंबरीवरून जब्बार पटेल ह्यांनी तो दिग्दर्शित केला. ना. धों. महानोरांची गीते व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत ह्यांमुळे तो गाजला. नकोसा नवरा सोडून मनासारखा जोडीदार मिळविणारी चिंधी ही बिंदू वा उषा ह्यांहून वेगळी, मोकळ्या मनाची स्त्री आहे. डोंगर चढणे, ढोलाच्या ठेक्यावर नाचणे ह्यांतील त्यांचा जोम पाहता केवळ दुःखी स्त्रियांच्या भूमिका करणारी अभिनेत्री, हे त्यांचे वर्णन अपुरे असल्याचे ध्यानात येते. रामदास फुटाणे ह्यांच्या सर्वसाक्षी (१९७९) ह्या चित्रपटातही त्यांनी काम केले.

ह्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी निरनिराळ्या भाषांतील व दृष्टिकोनांतील दिग्दर्शकांबरोबर काम केले. मुझफ्फर अली ह्यांच्या गमनमध्ये (१९७८) टॅक्सी चालविण्यासाठी मुंबईस गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी खेड्यातील पत्नी, केतन मेहता ह्यांच्या भवनी भवाई (१९८०) ह्या गुजराती चित्रपटातील तडफदार उजाण, तर गोविंद निहलानी ह्यांच्या आक्रोशमधील (१९८०) जवळजवळ शब्दाविना असलेली आदिवासी स्त्री त्यांनी उभी केली. मृणाल सेन ह्यांच्या अकालेर संधाने (१९८०) ह्या बंगाली चित्रपटात १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यास खेड्यात आलेल्या नटीची, म्हणजे एका अर्थी स्वतःचीच, भूमिका त्यांना करावी लागली. सत्यजित राय ह्यांच्या सद्गती (१९८१) ह्या प्रेमचंदांच्या कथेवरील दूरदर्शनपटातही त्यांचा सहभाग होता.

जयवंत दळवी ह्यांच्या कादंबरीवर आधारित चक्र (१९८१) ह्या रवींद्र धर्मराज दिग्दर्शित चित्रपटातील अम्माच्या भूमिकेसाठी त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलासह राहणाऱ्या, भूक व वासना ह्यांविषयी कसलाही आडपडदा न ठेवणाऱ्या स्त्रीचे हे चित्र आहे. उघड्यावरील नळाखाली अम्मा स्नान करते, हे दृश्य झोपडपट्टीतील जीवनाचा एक भाग म्हणून चित्रपटात येते. जाहिरातीत मात्र त्याचा उपयोग प्रेक्षक खेचण्यासाठी करण्यात आला. अर्धवस्त्र स्त्रीच्या प्रतिमेवर चित्रपट विकण्याच्या प्रवृत्तीवर स्मिता पाटील ह्यांनी मुलाखतींतून स्पष्ट टीका केली. वास्तवदर्शी चित्रपटसुद्धा बाजाराच्या नियमांपासून पूर्णतः मुक्त नसतो, ही गोष्ट ह्या प्रसंगाने पुढे आणली.

उंबरठा (१९८२) हा जब्बार पटेल ह्यांचा चित्रपट त्यांच्या प्रारंभिक कारकीर्दीचा कळस मानता येईल. शांता निसळ ह्यांच्या बेघर ह्या कादंबरीवरून त्याची पटकथा विजय तेंडुलकर ह्यांनी लिहिली. सुखवस्तू घरातील सुलभा महाजन लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते, तेथील अनाचाराशी झगडते आणि परत आल्यावर घरातील आपली जागा उरली नसल्याचे तिला कळते. ती पुन्हा घर सोडते. सुलभा कोणत्याही छळामुळे बाहेर पडत नाही. तिला स्वतःचे काम हवे असते. म्हणूनच तिच्या निर्णयावर मराठी घराघरांत वाद झाला. आवाज न चढविता, किंचित ताठ मानेने ठामपणा व्यक्त करण्याची त्यांची पद्धत येथे विशेष प्रभावी ठरली.

त्यांच्या अभिनयाचे मर्म संयमात आहे. भेदक डोळे व किंचित घोगरट आवाज ही त्यांची साधने होती. परंतु त्यांचा उपयोग त्या काटकसरीने करीत. कष्टकरी स्त्रीच्या शरीराला श्रमाने आलेली लय त्यांनी नेमकी आत्मसात केली होती. कॅमेऱ्याच्या पाठीमागेही त्यांना रस होता. त्या हौशी छायाचित्रकार होत्या. स्त्रियांच्या प्रश्नांसंबंधी कार्य करणाऱ्या मुंबईतील गटांविषयी त्यांना आस्था होती.

१९८२ पासून शक्ती, नमक हलाल ह्यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांतही त्या दिसू लागल्या. समांतर चित्रपटांचा प्रेक्षकवर्ग मर्यादित होता व त्यांतील अर्थार्जनही बेताचे होते. ह्या बदलावर टीका झाली आणि स्वतः त्यांनाही काही भूमिकांविषयी अस्वस्थता वाटत होती. तथापि अर्थ (१९८२), बाजार (१९८२), मंडी (१९८३) व अर्धसत्य (१९८३) हे चित्रपट त्यांनी ह्याच काळात केले. १९८५ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब देण्यात आला. अभिनेते राज बब्बर ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजारात त्यांचे मुंबई येथे निधन झाले. केतन मेहता ह्यांचा मिर्च मसाला (१९८७) हा त्यांच्या सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला.

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये डाक विभागाने काढलेल्या तिकिटमालिकेत त्यांचा समावेश करण्यात आला. मंथनची पुनःसंस्कारित प्रत २०२४ च्या कॅन महोत्सवातील अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखविण्यात आली. पतिव्रता, मोहिनी वा दुःखी माता ह्या ठरावीक साच्यांपलीकडे श्रम करणारी, चुकणारी आणि स्वतः निर्णय घेणारी स्त्री त्यांनी पडद्यावर विश्वसनीय केली. दिग्दर्शक व लेखक ह्यांचा त्यात मोठा वाटा असला, तरी त्या व्यक्तिरेखांना चेहरा व श्वास मिळाला तो स्मिता पाटील ह्यांच्यामुळे. मराठी व हिंदी चित्रपटांच्या इतिहासात त्यांचे स्थान ह्याच कारणाने महत्त्वाचे आहे.