साथीचे बळी मोजताना

चाचणी न होताच घरी दगावलेला रुग्ण कोविडबळींच्या यादीत येत नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत मात्र त्याची नोंद होऊ शकते. म्हणून साथीचा खरा फटका जोखायचा तर ‘अतिरिक्त मृत्यू’, म्हणजे एरवीच्या मानाने जास्त झालेले मृत्यू, मोजावे लागतात. भारताच्या नागरी नोंदणीत २०२० मध्ये ८१.२ लाख मृत्यू नोंदले गेले, तर २०२१ मध्ये १०२.२ लाख. वाढ सुमारे २१ लाखांची; त्या वर्षीचे अधिकृत कोविडबळी मात्र साधारण ३.३ लाख.

नोंदणी सुधारली म्हणून आकडा वाढला, असा आक्षेप घेतला जातो. नोंदणी सुधारत होती हे खरेच. २०१९ मध्येही जवळपास सात लाख नोंदी वाढल्या होत्या. पण तेवढेच कारण असते, तर २०२२ मध्ये आकडा ८६.५ लाखांवर उतरला नसता. या वाढीतला प्रत्येक मृत्यू विषाणूनेच झाला, असे म्हणता येणार नाही. खाट न मिळालेले, डायलिसिस चुकलेले रुग्णही त्यात आले. पण तेही साथीचेच बळी. त्यांना हिशेबात धरल्याशिवाय पुढच्या साथीची तयारी अपुरीच राहील.