फियाट भारी की ॲम्बेसेडर? जुन्या गाड्यांच्या वादातून धंदा कसा ओळखायचा



रत्नागिरीत साठी ओलांडलेल्या दोन गाडीवेड्यांना एका बाकावर बसवा आणि एवढंच विचारा, "काय हो, आंबा घाट चढायला कोणती गाडी भारी होती?" चहा गार होईल, पण वाद थांबणार नाही. एक फियाटवाला, दुसरा ॲम्बेसेडरवाला. तेवढ्यात तिसरा येतो आणि म्हणतो, "पावसात जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर माझ्या जीपसमोर तुम्ही दोघंही उभे राहू नका."

हा वाद ऐकणाऱ्या तरुणाच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू होतं. "लोकांना जुन्या गाड्यांचं एवढं वेड आहे ना? मग आपण एक घेऊ, चकाचक करू आणि लग्नाला भाड्याने देऊ. नाहीतर जुन्या गाड्यांचं गॅरेज टाकू." विचार वाईट नाही. पण पैसे घालण्याआधी हा वाद नीट ऐका. धंद्याचं गणित त्यातच आहे.

वाद नेमका काय आहे?

फियाट म्हणजे आपली महाराष्ट्रातली गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी सुरू केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. जुन्या गोलमटोल मॉडेलला लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे. पुढे ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून विकली गेली. इंजिन १०८९ सीसी. ॲम्बेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. मूळ बांधा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा, इंजिन १४८९ सीसी.

फियाटवाले म्हणतात, "आमची गाडी हलकी, चपळ. वळणावर हातात राहते." ॲम्बेसेडरवाले म्हणतात, "घरची सगळी माणसं भरा, डिकीत आंब्याच्या पेट्या टाका, तरी ओढते." दोघंही छातीठोकपणे सांगतात. मग खरं कोण?

चला, हिशोब करू

मॉडेलप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून गोल आकडे घेऊ. फियाट साधारण ४० हॉर्सपॉवर आणि ९०० किलो. ॲम्बेसेडर साधारण ५० हॉर्सपॉवर आणि ११५० किलो. म्हणजे रिकाम्या गाडीत एक टन वजनामागे फियाटला मिळतात ४४ हॉर्सपॉवर आणि ॲम्बेसेडरला ४३. फियाट किंचित पुढे.

आता दोन्ही गाड्यांत माणसं आणि सामान मिळून ४०० किलो टाका. फियाट झाली १३०० किलोची, टनामागे ३१ हॉर्सपॉवर. ॲम्बेसेडर झाली १५५० किलोची, टनामागे ३२. निकाल उलटला! शिवाय ॲम्बेसेडरचं इंजिन मोठं, त्यामुळे कमी फेऱ्यांवर जास्त जोर देणारं. साखरप्याहून वर चढताना हा फरक ड्रायव्हरच्या पायाला कळायचा.

म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. फक्त एकाच्या गाडीत दोन माणसं होती आणि दुसऱ्याच्या गाडीत अख्खं बिऱ्हाड.

मित्रांनो, हे वहीत लिहून ठेवा. ग्राहक एखाद्या वस्तूला चांगलं किंवा वाईट म्हणतो, तेव्हा त्याच्या गाडीत तेव्हा कोण बसलं होतं ते विचारा. तो वस्तूचं नाही, स्वतःच्या गरजेचं वर्णन करत असतो.

आठवण वेगळी, मागणी वेगळी

या दोन गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. पण पर्यायच कमी होते. घाटात रेडिएटर उकळायचा. उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग पेट्रोल पंपावर (इंजिनाजवळच्या, रस्त्यावरच्या नव्हे!) ओलं फडकं गुंडाळून थांबायचं. उतारावर ड्रम ब्रेक तापायचे, म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच खाली यायचं. आज हे सगळं गोड वाटतं, कारण आज ते करावं लागत नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली. इंजिन फक्त ७९६ सीसी, पण गाडी साधारण ६५० किलोची. टनाचा हिशोब केला तर पन्नाशीच्या पुढे. कालपर्यंत फियाट-ॲम्बेसेडरवरून भांडणाऱ्यांनी काय केलं? मारुतीसाठी नंबर लावला.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, ॲम्बेसेडरचं २०१४ मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. तिची २० वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, फोटो काढले. पण ती हळहळ गल्ल्यात जमा होत नाही.

मग आठवणीला किंमत नाही का? आहे की! २०१७ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने 'ॲम्बेसेडर' हे नुसतं नाव ८० कोटी रुपयांना घेतलं. पण त्या नावाची नवी गाडी काही आपल्या रस्त्यावर धावताना दिसली नाही. नाव विकत घेता येतं, घाट मात्र गाडीलाच चढावा लागतो.

कोकणात गाडी कशाने मरते?

इंजिनाने नाही, गंजाने. मिऱ्या, मांडवी, भाट्ये... समुद्राचं खारं वारं बारा महिने आणि वर चार महिने पाऊस. आणि इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. जीपला वेगळी चॅसी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. फियाट आणि ॲम्बेसेडरला तशी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. त्यामुळे तळाचा पत्रा किंवा दाराखालची पट्टी सडली, तर नुसतं सौंदर्य जात नाही, गाडीची ताकद जाते. वरून पुट्टी आणि रंग मारून ते झाकता येतं, पण झाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आता बाकावरच्या गप्पांकडे परत बघा. इंजिनावर दोन तास बोलणारा मालक शेवटी हळूच विचारतो, "तळाचा पत्रा नीट करणारा कोणी आहे का ओळखीचा?" त्या वाक्यात धंदा आहे.

आधी नियम, मग खर्च

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. म्हणजे १९७४ च्या सुरुवातीच्या पद्मिनीसुद्धा आता या वयात आल्या.

पण दोन अटी नीट वाचा.

पहिली अट: अशी गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. म्हणजे व्हिंटेज नंबर घेऊन नवरदेवाची वरात भाड्याने काढायचा बेत तिथेच संपला. गाडी साध्या खासगी नोंदणीवर ठेवली, तरी परमिटशिवाय भाड्याने माणसं नेता येत नाहीत.

दुसरी अट: चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. इथे गाडीवेड्यांचा आणखी एक जुना वाद पैशावर येतो. "डिझेल इंजिन बसवलं की परवडते" म्हणणारे एकीकडे, "मूळ इंजिनाला हात लावू नका" म्हणणारे दुसरीकडे. तुम्ही मेकॅनिक असाल आणि मालकाला न विचारता दुसरं इंजिन बसवलंत, तर गाडी पळेल झकास, पण व्हिंटेज नोंदणीचा रस्ता बंद होऊ शकतो. आपल्या हातून गिऱ्हाइकाचं लाखाचं नुकसान!

म्हणून काम घेण्याआधी एकच प्रश्न: "साहेब, गाडी चालवायची आहे की जपायची आहे?" उत्तराप्रमाणे कोटेशन वेगळं.

मग संधी कुठे आहे?

गाडी विकत घेण्यापेक्षा गाडीवाल्यांची अडचण सोडवा.

- पत्र्याचं काम आणि गंज प्रतिबंध. पावसाळ्याआधी तपासणी, पावसाळ्यानंतर खालून धुलाई आणि कोटिंग. वर्षाचं पॅकेज करा.
- रबर बीडिंग, कुशन, वायरिंग. छोटी कामं, पण हवा तसा कारागीर मिळत नाही.
- सुट्या भागांचा शोध. दुकान भरून माल ठेवू नका. ऑर्डर आणि ॲडव्हान्स घ्या, मगच मागवा.
- कामाची फाइल. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, इंजिन नंबर, बिलं. गाडी मूळ अवस्थेत आहे हे दाखवायला मालकाला हीच फाइल उपयोगी पडेल.

पण नुसत्या जुन्या गाड्यांवर गॅरेज चालेल असं गृहीत धरू नका. समजा, महिन्याचं भाडं, पगार आणि वीज मिळून खर्च ४०,००० आहे आणि एका कामामागे १०,००० उरतात. मग महिन्याला चार कामं फक्त खर्च भागवायला लागतील, वर्षाला ४८. तुमच्या तालुक्यात अशा ४८ गाड्या आहेत का? नसतील तर रोजच्या गाड्यांचं काम पोटासाठी आणि जुन्या गाड्यांचं काम नावासाठी, अशी सांगड घाला.

या आठवड्याचं काम

वही घ्या. रत्नागिरी, हातखंबा, पावस, गणपतीपुळे, आपापल्या भागात फिरा आणि जुन्या गाडीच्या २५ मालकांची यादी करा. गाडी कशी आहे ते विचारू नका, ते सांगतीलच! विचारा फक्त तीन गोष्टी: गेल्या वर्षात गाडीवर किती खर्च केला? कशावर? आणि कोणतं काम माणूस न मिळाल्यामुळे अडलं आहे?

तिसऱ्या प्रश्नाला दहा जणांनी एकच उत्तर दिलं, तर कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि खर्चाचा अंदाज मांडा. पंचवीस जणांनी पंचवीस उत्तरं दिली, तर गाळ्याचं डिपॉझिट भरू नका. चहाचे पैसे द्या, वाद ऐका आणि निवांत घरी या.