वाढवणचा विमानतळ, बोईसरची बुलेट ट्रेन: मधला रस्ता कुणाच्या जमिनीतून?

पालघर : मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. चारही बाजूंनी वस्ती, वाढायला जागाच नाही. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. तिसरा आपल्याकडे, वाढवण बंदराजवळ करायचा, असं राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात आलं. समुद्रात भराव टाकून तो बांधायची कल्पना आहे.

आता मुंबईचा माणूस विमान पकडायला डहाणू तालुक्यात कशाला येईल? त्यावर सरकारचं उत्तर आहे बुलेट ट्रेन. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या 12 स्टेशनांपैकी विरार आणि बोईसर ही दोन आपल्या जिल्ह्यात. वांद्रे-कुर्ला संकुल ते बोईसर साधारण 100 किलोमीटर. ताशी 320 किलोमीटरच्या गाडीला हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. कागदावर हिशोब जमतो.

पण बोईसरचं स्टेशन आत, पूर्वेकडे आणि विमानतळ समुद्रात. मधलं अंतर बॅगा घेऊन कशाने जायचं? शिवाय जपानमध्ये बुलेट ट्रेन रात्री बारा ते सकाळी सहा बंद असते, रुळांची देखभाल तेव्हाच होते. इथंही तसंच झालं तर पहाटेच्या विमानाचा प्रवासी काय करणार?

ही जोडणी राहून गेली तर काय होतं, ते कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराजवळ घडलंय. तिथं 1969 मध्ये मिराबेल विमानतळासाठी सुमारे 97 हजार एकर जमीन घेतली, बहुतेक शेतकऱ्यांची. 1975 ला विमानतळ उघडला. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. वेगवान रेल्वे ठरली होती, ती झालीच नाही. जुना विमानतळही चालूच राहिला. लोक लांब जाईनात. 2004 मध्ये प्रवासी विमानं बंद झाली, पुढे टर्मिनलही पाडलं. बरीचशी जमीन नंतर परत दिली, पण तोवर घरं पाडली गेली होती, माणसं पांगली होती.

आपल्याकडे विमानतळ समुद्रात झाला तरी त्याला जोडणारा रस्ता आणि रेल्वे गावांतूनच जाणार. भरावाचा फटका मच्छीमारांना, तो वेगळाच. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून पेसा कायद्यानुसार भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. तिथं आधी विचारा : विमानतळापर्यंतची जोडरेल्वे कधी, आणि तिचा मार्ग कुठला? उत्तर लेखी घ्या.

आणखी एक. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101 सांगतं की ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही, तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेत जाते. यातला ‘किंवा’ नीट वाचा. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गासाठी वेगळे कायदे आहेत, त्यामुळे नोटीस हातात पडली की ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा.